पुळणीवरचा खलाशी

यंदा मोहोर भरघोस आला आहे. सकाळी मागचं दार उघडलं की आधी धुकं आत येतं आणि त्याच्या पाठोपाठ तो वास, थोडा गोड, थोडा तुरट. देवरूखच्या थंडीला हा वास असतोच. बाजारात वालाच्या शेंगा आल्यात, दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, संध्याकाळी कुणी ना कुणी पालापाचोळा पेटवून भोवती बसलेलं असतं. या दिवसांत आमच्या आळीतल्या बायकांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वेध लागतात. मला समुद्राचे लागतात.

खरं तर आमच्या घरापासून समुद्र लांब. मधे डोंगर आहेत. इथं त्याचा आवाज येत नाही, खारं वारंही पोचत नाही. तरी मोहोर फुटला की माझ्या तळव्यांना ओल्या वाळूचा गारवा जाणवतो आणि तीन वर्षांपूर्वीचा पौष जसाच्या तसा समोर येतो. तेव्हा आम्ही दोघं दापोलीजवळच्या मुरुडला आठवडाभर राहिलो होतो. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघांनीच मिळून केलेली ती पहिली सुट्टी.

मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवत होते. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे फुगवटे काढायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही बघितलीय का भरती?" मी "हो तर!" म्हणायचे. बघितली होती म्हणजे शाळेच्या सहलीला. पण सहलीत बाईंचं लक्ष लाटांकडे नसतं, मुलांच्या डोक्यांकडे असतं. ती पुरती भरली की समुद्र बघितला असं समजायचं आणि बसमध्ये बसायचं.

आणि आमचे हे खलाशी! देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात यांचं गाव. मिसरूड फुटायच्या वयात मामानं मुंबईला नेलं आणि तिथून थेट मालवाहू जहाजावर चढवलं. पुढं हे डेकवरच्या खलाशांचे मुकादम झाले. लग्न झालं तेव्हा यांनी मला एकच अट सांगितली होती, "घर बांधायचं ते पाणी दिसणार नाही अशा जागी." मी जागा बघितली, मीच गवंडी शोधला, चिरा आणवला, कौलं चढवून घेतली. यांनी घर पहिल्यांदा बघितलं ते फोटोत. पुढं मृणाल झाली, ती शाळेत जायला लागली. एकदा तिला ऋतूंवर निबंध होता. तिनं लिहिलं, "आमच्याकडे चार ऋतू असतात. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा आणि बाबा आलेले असतात तेव्हा."

त्या वर्षी गणपतीला हे आले ते कायमचे. मी आधीच्या वर्षी निवृत्त झाले होते. सुरुवातीचे दिवस नेहमीसारखे गोडाधोडाचे गेले. मग नवरात्र झालं, दिवाळी झाली, आणि आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की यावेळी जायची तारीखच नाही. तारीख नसलेला सहवास आम्हांला ठाऊक नव्हता. हे पहाटे उठून पडवीत येरझारा घालत. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे यांनी एके दिवशी दोरीनं बांधून टाकले, हलून पडू नयेत म्हणून. "अहो, घर हलत नाही," मी म्हटलं. हे ओशाळून हसले, पण दोरी सोडली नाही. दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसत. कुणी न्यायला येणार असावं तसे.

एका सकाळी मोहोराचा वास आला आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी चहाचा कप यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "मला समुद्रावर जायचंय."

"कशाला?"

"बघायला."

"त्यात काय बघायचं? पाणी असतं. सगळीकडे."

"तुम्ही सगळीकडचं बघितलंत. मी अजून इथलंही बघितलेलं नाही."

यांनी चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाले, "एसटीनं जायचं की गाडी करायची?"

एसटीनं गेलो. चिपळूणला एक गाडी बदलली, दापोलीला दुसरी. दापोली सोडल्यावर रस्ता उतरू लागला आणि एका वळणावर झाडांच्या वर आडवी निळी रेघ दिसली. मी खिडकीतून जवळजवळ बाहेर वाकले. हे पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले होते.

मुरुडात नलूताईंकडे राहायची सोय होती. नलूताईंचा नवरा मुंबईला नोकरीत, त्या इकडे सुपारीची वाडी आणि येणारे पाहुणे सांभाळतात. अंगानं काटक, बोलायला खणखणीत. आम्ही पिशव्या खाली ठेवतोय तोच म्हणाल्या, "समुद्र मागच्या दारी आहे हो बाई. वाडीतनं सरळ चालत सुटा, पाय भिजले की थांबा."

दुसऱ्या दिवशी घावन-चटणी खाऊन मी तशीच चालत सुटले, एकटी. हे पडवीत पेपर घेऊन बसले होते, समुद्राकडे पाठ करून. वाडीतली पायवाट गार होती, वर पोफळींचे शेंडे हलत होते. मग सुरूचं बन लागलं, त्याच्यातून वारा जाताना लांबून पाऊस येतोय असं वाटत होतं. आणि पुढं एकदम सगळं उघडं. वाळूची पुळण अशी लांबरुंद की नजर कुठं टेकवावी कळेना. ओहोटी होती. पाणी दूरवर सरकलं होतं आणि मागं राहिलेल्या ओल्या वाळूत आख्खं आकाश उतरलं होतं. त्या आकाशावर पाऊल ठेवायचा मला धीर होईना.

पाण्याच्या कडेला कुरव बसले होते, शेकड्यांनी, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. हे पक्षी थंडीत येतात आणि उन्हाळा लागला की जातात, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण एखादी लाट जवळ आली की पुढची रांग उठते, मागच्या रांगेच्या डोक्यावरून उडून मागं जाऊन बसते आणि मग मागची रांग आपोआप पुढची होते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बारीक पायांचे चिखल्या पक्षी लाटेच्या पुढं पळत आणि लाट परतली की तिच्या मागं पळत. मी उभी राहून इतकी हसले की कुणी बघतंय का म्हणून मागं वळून पाहिलं.

आणि ते खेकडे! ओल्या वाळूत बारीक बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकाशी करंगळीच्या नखाएवढा एक खेकडा. तो वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूचा मोहरीएवढा गोळा करून मागं टाकतो. गोळ्यांच्या ओळी भोकाभोवती सूर्याच्या किरणांसारख्या पसरत जातात. नजर जाईल तिथपर्यंत कुणी रात्रभर जागून ठिपक्यांची रांगोळी घातली असावी असं दिसत होतं. थोड्या वेळानं भरती येणार आणि हे सगळं पुसणार, हेही मला दिसत होतं. पण मी त्यातून धडा काढला नाही. नोकरीभर धडेच काढले होते.

दुपारी जेवताना मी खेकड्यांचं सांगत होते. नलूताईंनी वाढलेल्या सोलकढीची वाटी तोंडाला लावून हे ऐकत होते. "एवढाले एवढाले," मी नख दाखवून म्हटलं. हे म्हणाले, "खाता येत नसतील." बस्स. पण दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा हे पेपर ठेवून उठले.

बूट घालून आले. मोजे, लेस, सगळं नीट बांधून. कोरड्या वाळूच्या टोकाशी जाऊन थांबले.

"बूट काढा," मी म्हटलं.

"राहू दे."

"अहो, वाळू आहे ही. डेक नाही."

"जहाजावर पाय ओला झाला की समजायचं, कुठंतरी काहीतरी बिघडलंय."

"म्हणजे इतक्या वर्षांत तुम्ही कुठंच वाळूत उतरला नाहीत?"

यांनी जरा आठवून पाहिलं. "कुठं उतरणार? बंदर म्हणजे क्रेन, काँक्रीट, डिझेलचा वास. माल उतरला की निघायचं. समुद्राला किनारा असतो तो नकाशात."

निम्म्या जगाचं पाणी पालथं घातलेला हा माणूस समुद्रात कधी पाऊल बुडवून उभा राहिलेला नव्हता. डोंगरातून थेट बंदरावर गेला आणि बंदरावरून जहाजावर. मधली ही वाळू त्याच्या वाट्याला आलीच नव्हती, आणि माझ्याही.

मग यांनी खाली बसून लेस सोडल्या. मोजे घडी करून बुटात घातले. पाय सोललेल्या काकडीसारखे पांढरे. आम्ही पाण्यापर्यंत गेलो. पहिली लाट घोट्यावरून आली तेव्हा हे ताठ उभे होते, पण ती परतताना टाचांखालची वाळू ओढून नेऊ लागली तेव्हा यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"शुभा, खालची जमीन सरकतेय."

"सगळ्यांचीच सरकते. टाचा रुतवून उभे राहा."

दुसऱ्या लाटेला यांनी टाचा रुतवल्या. तिसऱ्या लाटेला माझा खांदा सोडला. आणि मग पुढच्या लाटेकडे असे टक लावून बघत राहिले की जणू ती खास यांच्यासाठीच यायची होती.

त्यानंतर यांना घरात थोपवणं कठीण झालं. ओहोटी रोज थोडी थोडी उशिरा सरकते, तसं आमचं बाहेर पडणंही सरकत गेलं. आधी सकाळ संपताना, मग भर दुपारी, मग उन्हं उतरताना. हे खेकड्याच्या भोकापाशी उकिडवे बसत आणि सावली हलू देत नसत. जरा हललं की खेकडा आत जातो, हे यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. आणि बसल्या बसल्या हे बोलू लागले. घरी कधी न बोललेलं. एकदा भर समुद्रात, जमीन कित्येक दिवसांच्या अंतरावर असताना, एक चिमणीएवढा पक्षी दमून डेकवर पडला. यांनी झाकणात पाणी ठेवलं, भाताची शितं ठेवली. पक्षी पाणी प्यायला आणि दोरांच्या वेटोळ्यात झोपला. "सकाळी बघतो तर नाही. कुठं गेला असेल गं? चारी बाजूंना पाणी." एवढ्या वर्षांत हा पक्षी माझ्यापर्यंत आला नव्हता. घरी यायचे तेव्हा हे आमच्यासाठी वस्तू आणत, आणि आम्ही यांना मृणालचे मार्क सांगत असू.

एक दिवस मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि पडवीत यांचा फोन वाजला. मुंबईचा एजंट होता, बोलण्यावरून कळलं. हे "हो साहेब, हो साहेब" करत होते. शेवटी म्हणाले, "कळवतो." फोन ठेवून यांनी पुन्हा पेपर उघडला.

"कळवतो" हा शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. एरवी फोन यायचा आणि हे "येतो" म्हणायचे. आम्हांला तारीख कळायची आणि मी चकल्या तळायला घ्यायचे.

दोरीवर यांचाच शर्ट होता. तो झटकताना माझ्या मनात आधी काय आलं ते लिहायला हरकत नाही. मला हलकं वाटलं. माझी सकाळ पुन्हा माझी होईल, फळीवरची दोरी सुटेल, दाराजवळची खुर्ची रिकामी होईल. आणि शर्टाला चिमटा लावेपर्यंत ते हलकेपण कुठल्या कुठं गेलं. कारण पुळणीवर त्या भोकापाशी एकटीच उकिडवी बसलेली मी मला दिसले, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही रिक्षा करून हर्णेला गेलो, मासळीचा लिलाव बघायला. होड्या किनाऱ्याशी लागत होत्या, टोपल्या डोक्यावरून वाळूत येत होत्या, वाळूतच ढीग मांडून बोली चालू होती. सुकवलेल्या मासळीचा वास, बर्फाचा चुरा, माणसांची ढकलाढकली. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीतल्या आपल्या नवऱ्याला कडकडून बोलत होती. तो मुकाट्यानं जाळं गोळा करत होता.

"हे लोक रोजच्या रोज घरी येतात का?" यांनी विचारलं.

"जवळ जाणारे येतात की."

"आणि रोज बोलणी खातात."

आम्ही दोघंही हसलो. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "काल फोन कशाचा होता?"

हे बाजूला एका उपड्या घातलेल्या होडीला टेकले. "आखातात एका टगवर, जहाजं ओढायच्या बोटीवर, जागा आहे. वर्षभराची. लांब जायचं नाही, बंदरातल्या बंदरात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ का?"

आमच्या संसारात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. तो आला तेव्हा मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, रागच आला.

"मी नको म्हटलं तर तुम्ही जन्मभर मला ऐकवाल. जा म्हटलं तर मी जन्मभर स्वतःला ऐकवीन. हे ओझं माझ्यावर टाकू नका."

"तसं नाही गं." हे होडीवरचा रंगाचा पोपडा नखानं काढत राहिले. "तुझं घर कसं लागलेलं आहे. कुठं काही कमी नाही. मी बसतो ती खुर्चीसुद्धा वाटेत येते. तू केर काढताना म्हणतेस ना, पाय उचला... जहाजावर मला ठाऊक असायचं, मी कुठं उभं राहायचं ते."

लिलावाचा गलका चालूच होता. मी खरोखरच रोज म्हणत होते, पाय उचला. इतक्या वर्षांत मी घरातली प्रत्येक गोष्ट यांच्याशिवाय चालेल अशी बसवली होती. तसं केलं नसतं तर घर चाललंच नसतं, आणि मला त्याचा अभिमान आहे, आजही. पण त्यात यांच्यासाठी पाहुण्याचीच जागा उरली होती.

"हे बघा," मी म्हटलं, "मी एकटीनं घर चालवायला घेतलं तेव्हा मलाही येत नव्हतं. चुकत चुकत शिकले. तुम्हीही चुका. मी ओरडेन, तुम्ही ओरडा. पण त्यासाठी माणूस घरात असावा लागतो. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यावर ढकलून राहू नका आणि माझ्यावर ढकलून जाऊही नका."

हे "हं" म्हणाले. आम्ही एक सुरमई घेतली आणि परत आलो. रिक्षात दोघांच्या मधे ती मासळीची पिशवी होती.

मग अमावास्या आली, ठरल्याप्रमाणे आमच्या मुक्कामाची शेवटची संध्याकाळ. नलूताई म्हणाल्या, "आज मोठी सुकती आहे, पाणी ओसरून पार खडपापर्यंत कोरडं पडेल. जाऊन या. पण पाणी वळलं की वळा हो. तिथं रमलात तर पंचाईत."

पुळणीच्या टोकाला काळ्या खडकांचं खडप आहे. एरवी पाण्याखाली असतं. त्या दिवशी ते उघडं पडलं होतं, हिरव्या शेवाळानं मखमली झालेलं, आणि खळग्या-खळग्यात पाणी साठलेलं. वाळू आणि खडप यांच्यामधे एक घळ होती, तिच्यातून घोटाभर पाण्यातून आम्ही पलीकडे गेलो. पहिल्याच खळग्यात समुद्रफूल होतं. फूल म्हणायचं, पण तो प्राणी. यांनी बोटाचं टोक लावलं तशा त्याच्या पाकळ्या बोटाला हळूच चिकटल्या. "धरलं गं यानं मला!" हे ओरडले. पुढच्या खळग्यात तारामासा, त्याच्या पुढच्यात शंखाची पाठ घेऊन पळणारे खेकडे. आम्ही एका खळग्यावरून दुसऱ्यावर जात राहिलो. आणि एका ठिकाणी तर मी दगड समजून ज्याच्याकडे बघत होते तो दगडच हलला. ताडकन त्याचा रंग बदलला, आठ पाय उलगडले आणि ते छोटंसं ऑक्टोपसचं पिल्लू फटीत सुळकन शिरलं. ते पुन्हा बाहेर येईल म्हणून आम्ही दोघं पोटावर झोपून त्या फटीत बघत राहिलो. नातवंडं व्हायच्या वयाची माणसं आम्ही, शेवाळात कोपरं बरबटवून, श्वास रोखून पडलो होतो.

माझ्या पावलांना गार पाणी लागलं म्हणून मी मागं पाहिलं. पाणी वळलेलं होतं. सूर्य टेकत आला होता आणि मघाची ती घोटाभर पाण्याची घळ आता रुंद होऊन लाटा घेत होती.

"अहो!"

हे उठले. बघितलं. भूगोलाच्या बाई आणि जहाजावरचा खलाशी, दोघंही भरतीत सापडलो होतो.

मला पोहता येत नाही. खडपाच्या फटीत तुटक्या जाळ्याबरोबर वाहून आलेली एक बांबूची काठी अडकली होती. यांनी ती उपसून काढली आणि घळीत उभी धरून खोली बघितली. एक पाऊल पुढं, पुन्हा काठी. मग वळून हात पुढं केला.

"माझा पट्टा धर मागून. पाऊल उचलायचं नाही, घसटत यायचं. आणि पाण्याकडे बघू नकोस, माझ्या पाठीकडे बघ."

पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं, कमरेला आलं. मधोमध एक लाट आली आणि माझे पाय उचलले गेले. मी किंचाळले. यांनी काठी सोडून दिली आणि मागं वळून मला दंडाला धरून उभं केलं. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांत खारं पाणी. "रुतव टाचा!" हे ओरडले. मी रुतवल्या. तशाच एकमेकांना धरून आम्ही पलीकडे निघालो.

वाळूवर येऊन बसलो आणि धापा टाकत राहिलो. मग हे म्हणाले, "काय हो भूगोलाच्या बाई!" मी म्हटलं, "काय हो खलाशीबुवा!" आणि आम्हांला हसू आवरेना. सूर्य बुडाला तरी आम्ही निथळत हसत होतो.

चालत परत येताना माझ्या मनात आलं, आमच्या संसारातली सगळी संकटं आम्ही एकमेकांना सांगितली ती टळून गेल्यावर. यांची वादळं मला पोचली ती जहाज बंदराला लागल्यावर. मृणालचा तो भलता ताप यांना कळला तो ती बरी होऊन शाळेत गेल्यावर. एकमेकांना काळजी नको म्हणून आम्ही ते केलं, आणि चांगलंच केलं. पण एकाच पाण्यात, एकाच वेळी, दोघांचे पाय उचलले गेले ते त्याच दिवशी पहिल्यांदा.

नलूताईंनी आम्हांला दारात बघितलं आणि कपाळावर हात मारला. "वय काय तुमचं, करता काय! सांगितलं होतं ना, पाणी वळलं की वळा? आता गरम पाणी घ्या आधी, मग बोलते तुमच्याशी." त्या जेवण होईपर्यंत बोलत होत्या. आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे खाली मान घालून भात कालवत होतो.

अजूनही आम्ही दोघं पौषात समुद्रावर जातो. कुरव येतात, त्यांच्या रांगा उठतात, बसतात. खेकडे रांगोळी घालतात. मृणाल पुण्याहून फोनवर म्हणते, "आई, दर वर्षी तीच जागा? गोव्याला जा, अंदमानला जा." तिला कसं सांगू? फळ्यावर काढलेले ते पाण्याचे फुगवटे मला त्या आठवड्यात पायाला लागले, आणि एवढं वय झाल्यावर शिकलेली गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघावीशी वाटते. जगात किनारे पुष्कळ असतील. पण आपले पाय जिथं रुतले ती वाळू आपल्याला ओळखते, असं मला खुशाल वाटतं. भूगोलात हे बसत नाही. न बसो.

त्या पहिल्या वेळी निघायच्या दिवशीची सकाळ मात्र सांगायलाच हवी.

पिशव्या भरून पडवीत ठेवल्या होत्या. दापोलीची गाडी थोड्या वेळात येणार होती. मी नलूताईंनी दिलेल्या ओल्या सुपाऱ्या आणि कोकमं पिशवीत कोंबत होते. हे वाडीच्या तोंडाशी, पोफळीला हात टेकून फोनवर बोलत होते. वारा माझ्याकडे होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"नाही साहेब. नाही जमणार... नाही नाही, तब्येत उत्तम आहे... घरचेही नाही म्हणत नाहीत, त्यांनी माझ्यावर सोडलंय." मग पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी समजावत राहिला. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं नाही साहेब. मलाच राहायचंय."

हे आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. वाडीच्या पलीकडे पाण्याचा आवाज चालू होता. जरा वेळानं यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, पण वेळ बघितली असं वाटलं नाही.

"गाडी किती वाजता आहे गं?"

गाडी अजून यायची होती. "गेली," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं, भरून ठेवलेल्या पिशव्यांकडे बघितलं. तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा, अगदी नलूताईंच्या आळीच्या तोंडाशी. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.